गुरुवारचं गिऱ्हाईक

५ जानेवारी, गुरुवार

बियाण्याच्या दुकानातून दर वर्षी ही डायरी फुकट येते. माझा नवरा ड्यूई तिच्यात हवामान लिहायचा. आज पाऊस, आज धुकं. जसं काही घराला खिडक्याच नव्हत्या. ऑक्टोबरात ड्यूई गेला, तरी डायरी आलीच. टाकून देववेना म्हणून लिहायला घेतली. माझी शाळा आठवीत सुटली, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. वाचणाऱ्यानं तोंड वाकडं करू नये. वाचणार कोण आहे म्हणा.

ड्यूईनं माझ्या गळ्यात काय टाकलंय, तर मागची खोली भरून जुन्या लष्करी बंदुका. इंग्रजांच्या, जर्मनांच्या, स्वीडनच्या, रशियाच्या. लढाया संपल्यावर त्या त्या सरकारांनी भंगारात काढलेल्या. तो तरुण होता तेव्हा हार्डवेअरच्या दुकानात झाडूसारख्या पिंपात उभ्या असायच्या म्हणे. तेव्हापासून त्याला हा नाद. शिवाय पट्टे, काडतुसांच्या चामडी पिशव्या, संगिनी, तेलाचे डबे. मी म्हणायची, "अरे, हरणाला एक बंदूक पुरते." तो म्हणायचा, "व्हेल्डा, ह्या मारायच्या नाहीत, ह्या ठेवायच्या." ठेवल्या. स्वतः गेला.

आज पहिलं गिऱ्हाईक आलं. होबर्ट रॅटलिफ. डोंगरापलीकडचा, खाणीत इलेक्ट्रिशियन होता, आता छातीत कोळसा घेऊन पेन्शनीत बसलाय. दर गुरुवारी क्लिनिकला जातो, तुमचं घर वाटेवरच आहे म्हणाला. ड्यूईची आणि त्याची बंदुकांच्या बाजारातली ओळख. दारातच टोपी काढली.

"व्हेल्डाबाई, विकायच्या झाल्या तर पहिलं मला सांग, असं मी ड्यूईला म्हणून ठेवलं होतं."

"ड्यूई आता काही सांगत नाही. मी सांगते. या आत."

बंदूक उचलायच्या आधी दर वेळी विचारतो, "उचलू का?" आणि ठेवताना तेलाच्या फडक्यानं पुसतो, हाताचा घाम लोखंडाला खातो म्हणून. हे ह्या लोकांचं सोवळं. सगळी दुपार गेली, त्यात घेतलं काय, तर एक चामडी पट्टा! मी म्हटलं, "एवढ्या वेळात माझा अख्खा संसार विकून झाला असता."

"घाई कशाला? चांगल्या वस्तू आहेत," म्हणाला आणि दुसरा कप कॉफी प्यायला.

८ जानेवारी, रविवार

शेरिलचा फोन. लेक माझी, टूसॉनला असते, रविवारी फोन करते. तिचं एकच. "आई, लिलाववाल्यांशी बोलले मी. ट्रक येईल, एका दिवसात खोली रिकामी. तू हो म्हण फक्त. आणि तू त्या डोंगरात एकटी काय करतेस? अख्खं वेस्ट व्हर्जिनिया म्हातारं झालंय."

"मीही झालेय. शोभते इथं."

"आई!"

"बघू म्हटलं ना."

फोन ठेवला की घर कसं होतं ते मला लिहिता येत नाही. फ्रीजचा आवाज ऐकू येतो.

१९ जानेवारी, गुरुवार

मक्याचा ब्रेड केला. गुरुवार म्हणून नव्हे, पीठ संपवायचं होतं.

होबर्ट आला. आज एक संगीन घेतली. मग फिनलंडच्या बंदुकीपाशी जाऊन उभा राहिला. ती मूळची रशियाची, फिनलंडवाल्यांनी लढाईत हिसकावून घेतली आणि आपल्या पद्धतीची करून घेतली, असं ड्यूई सांगायचा. मला तर त्या ढिगातली सगळ्यात दळभद्री तीच वाटते. लाकडी दस्त्याला मध्येच तडा, तोही नागमोडी. मागच्या बाजूला पत्र्याची गोल चकती ठोकलेली. वर कुणा टवाळानं चाकूनं स्वतःचं नाव कोरलंय, तोइवो की असंच काहीतरी.

होबर्टनं त्या नावावरून अंगठा फिरवला. सावकाश, पुन्हा पुन्हा.

"ही ड्यूईनं मला कधी दिली नाही. किती वर्षं मागत होतो."

"मग न्या की आता."

"आज नको. बघू पुढं."

"तुम्ही गिऱ्हाईक आहात की म्युझियम बघायला येता हो?"

हसला, हसता हसता खोकला. पाणी दिलं. ब्रेडचे तीन तुकडे खाल्ले. वाईट झाला नव्हता.

२ फेब्रुवारी, गुरुवार

बर्फ. शाळेला सुट्टी दिली. (मी तिथं मुलांना जेवण वाढते.) सकाळपासून खिडकीत चार खेपा झाल्या. रस्ता बंद झालाय का, ते बघत होते.

होबर्ट जेवायच्या वेळेला आला, चाकांना साखळ्या लावून. मी म्हटलं, "एवढ्या बर्फात डॉक्टर तरी आला होता का?"

"नव्हता," म्हणाला. "क्लिनिक बंद आहे."

"मग आलात कशाला?"

"निघाल्यावर कळलं."

असला वेंधळा. घेवड्याचं कालवण होतं, वाढलं. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मी विचारलं, घरी बोलायला कोण असतं? म्हणाला, "टीव्ही. बोलतो पुष्कळ, पण मला काही विचारत नाही."

महिनाअखेरीला तालुक्याच्या मैदानावर बंदुकांचा बाजार आहे. त्याचं तिथं टेबल असतं. अर्धं टेबल तुम्ही घ्या म्हणाला, पट्टे नि पिशव्या तरी खपतील. मी हो म्हटलं. पट्टे खपले पाहिजेत.

९ फेब्रुवारी, गुरुवार

आज काहीच घेतलं नाही. फिनलंडची तेवढी हातात घेऊन बसला, अंगठा त्याच नावावर. मी विचारलं तर पुन्हा, "बघू पुढं."

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. माणसाला बंदूक हवीय, पण ती खराबी त्याला टोचतेय. कोण घेईल तडा गेलेली, नाव खरवडलेली वस्तू? भिडस्त आहे, तोंडानं म्हणणार नाही. मीच दुरुस्त करून देते. आणि विकत नाही द्यायची. अशीच द्यायची. एवढं पेट्रोल जाळत येतो.

१२ फेब्रुवारी, रविवार

खांदे भरून आलेत पण काय झालीय! आधी पॉलिशपेपरनं ते नाव घासलं. खोल होतं मेलं, हात दुखले, पण गेलं. आता तिथं गाल फिरवा, तान्ह्या पोराच्या पाठीसारखं मऊ. बारीक बारीक शिक्के होते तेही गेले. पत्र्याची चकती पकडीनं उपटली आणि भोक बुजवलं. तड्यात लांबी भरली. मग वॉर्निशचे हात, एकावर एक. ड्यूईनं आमचं जेवणाचं टेबल केलं होतं त्याच डब्यातलं. चकाकतेय! ड्यूई असता तर म्हणाला असता, बाई, तुझ्या हातात कला आहे. तो कधी म्हणायचा नाही, पण म्हणाला असता.

मधे फोन वाजला. शेरिल असणार. हात वॉर्निशनं भरलेले, घेतला नाही. रविवारचा फोन मी पहिल्यांदाच सोडला.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

दिली.

चादरीत गुंडाळून ठेवली होती. मी म्हटलं, डोळे मिटा. त्यानं मिटले, लहान मुलासारखे. मग उघडले. खुर्चीवर बसला. पाणी मागितलं. मग बंदूक मांडीवर घेतली आणि अंगठा तिथंच गेला, नाव होतं तिथं. फिरवत राहिला.

"आवडली का नाही? बोला की!"

"खूप मेहनत घेतलीत, व्हेल्डाबाई."

"ती दिसतेच आहे. कशी झालीय?"

"छान झालीय," म्हणाला. डोळे ओले झाले होते त्याचे. कुणी काही दिलं नसेल बिचाऱ्याला इतक्या वर्षांत. पैसे काढायला लागला तेव्हा मी त्याच्या हातावर चापट मारली.

मी म्हटलं, बाजाराला ही घेऊन या, टेबलावर मधोमध ठेवू, लोकांना बघू दे. तर म्हणे, विकायची नाही मग कशाला. म्हणे, ओरखडा पडेल. मी म्हटलं, "एवढी चांगली वस्तू आणि लपवता कसली? मी केलीय म्हणून लाजता का?"

"नाही," म्हणाला. "आणतो."

२५ फेब्रुवारी, शनिवार

लिहू नये असं वाटतंय, पण मग हे सांगू कुणाला.

सकाळ चांगली गेली. मैदानावरची मोठी शेड, लांबच लांब टेबलं, सगळ्या बंदुकांच्या चापांना प्लॅस्टिकच्या पट्ट्या बांधलेल्या, चुकून उडू नयेत म्हणून. मी पट्टे, पिशव्या मांडल्या, सुक्या सफरचंदांचा केक नेला होता तो कापला. होबर्टनं फिनलंडची टेबलाच्या कडेला ठेवली होती, मी उचलून मधोमध ठेवली.

शेजारचं टेबल लॉनी स्टिल्टनरचं. त्याचं तालुक्यात बंदुकांचं दुकान आहे, आवाज सभेत भाषण केल्यासारखा. केक खायला आला आणि घास तोंडातच राहिला.

"होबर्ट, ही ड्यूईची फिनलंडची ना? आणि शिपायाचं नाव कुठंय तिच्यावरचं? शिक्के कुठायत? चकती कुठंय रे, पलटणीची?" उचलून उलटीपालटी केली. "सांध्यात लांबी भरलीय! अरे देवा! फिनलंडवाल्यांनी मुद्दाम दोन लाकडं बोटांत बोटं घालावी तशी जोडली होती, थंडीनं वाकू नये म्हणून. तडा वाटला की काय? कुठल्या गाढवानं केलं हे?"

माझ्या हातात सुरी होती केकची.

"मी केलं," होबर्ट म्हणाला.

"तू?"

"हात शिवशिवले."

"तू? अरे, लोकांनी फडक्यानं जोरात पुसलं तरी तू त्यांना शिव्या घालतोस!" लॉनीनं हाका मारून चार जण गोळा केले. "या, या, रॅटलिफनं फर्निचर बनवलंय बघा!" एक जण म्हणाला, आता पाय लाव, टेबल होईल. दुसरा म्हणाला, डॉक्टरनं छातीबरोबर डोकंही तपासावं. होबर्ट हसत उभा होता. कान लालभडक. ह्या लोकांत त्याचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द असतो, हे मी सकाळपासून बघत होते. जो तो येऊन विचारत होता, होबर्ट, ही खरी का, ती खरी का.

मी म्हटलं, "त्यांनी नाही. मी केलं ते."

मग कुणी हसलं नाही. ते हसण्याहून वाईट. लॉनीनं टोपी काढली. "माफ करा, बाई. लाकूडकाम... हात सफाईदार आहे तुमचा." मला तर वाटलं ती सुरी त्याच्या टोपीत खुपसावी.

परत येताना होबर्टच्या गाडीत विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"सांगून ते नाव परत आलं असतं का?"

"म्हणजे खोटं बोललात. छान झालीय म्हणालात."

"ते खोटं नव्हतं."

"मग काय होतं?"

त्याला खोकला आला, तो आमच्या वळणापर्यंत टिकला.

मला खोटं खपत नाही. दया तर मुळीच नाही. उतरताना म्हटलं, "गुरुवारी येऊ नका."

१ मार्च, गुरुवार

आला नाही. दुपारी गाडी वळणापर्यंत आली, हळू झाली, आणि गेली. सांगितलं तसं वागला. माणसानं एवढंही ऐकू नये.

४ मार्च, रविवार

शेरिलला म्हटलं, पाठव ट्रक.

"खरंच, आई? काय झालं?"

"काही झालं नाही. खोली लागतेय मला."

"कशाला?"

म्हटलं, दूध उतू जातंय, आणि फोन ठेवला.

१३ मार्च, मंगळवार

नेलं सगळं. पांढरे हातमोजे घातलेले दोघे, मयताला आल्यासारखे. एकेक उचलून कागदात गुंडाळत होते. एक जण भला होता, म्हणाला, "तुमच्या यजमानांनी काय जपलंय हो." मी म्हटलं, "मला नाही जपलं एवढं." तो हसला. मी विनोद केला नव्हता.

ट्रक गेल्यावर खोलीत गेले. खुंट्या तेवढ्या राहिल्यात भिंतीवर. तेलाचा वास आहे अजून. बोलले तर आवाज घुमतो. मी बोलून बघितलं.

१५ मार्च, गुरुवार

दार वाजलं. होबर्ट. टोपी हातात.

"लॉनीकडून कळलं."

"मग आलात कशाला? काही उरलं नाही. एक पट्टासुद्धा नाही."

"कळलं म्हणूनच..." म्हणाला आणि थांबला. मागच्या खोलीत डोकावून आला. भिंती बघितल्या. आता काय घेणार, खुंट्या?

स्टोव्हवर कॉफी होती, वास त्यालाही येत असणार. पण मी विचारलं नाही. गिऱ्हाईक होता तोवर ठीक. गिऱ्हाईक नाही तर हा कोण माझा? लोकांनी विचारलं तर सांगू काय? आणि माझ्या हातून ज्याची वस्तू नासली त्याच्या समोर बसून मी कॉफी कशी प्यावी?

"बरं. जातो मग," म्हणाला.

"जा."

गाडीत बसला, पण गाडी सुरू करेना. मी पडद्याआडून बघत होते. चावी हरवली की काय कळेना. मग सुरू केली आणि गेला. मी कॉफी ओतून दिली.

२१ मार्च, बुधवार

शाळेत भांडी घासताना बेर्था म्हणाली, तिचा दीरही त्याच क्लिनिकला जातो, डोंगरापलीकडून, रॅटलिफच्या घराजवळूनच. मी म्हटलं, हो, आमच्याच रस्त्यानं जात असेल. ती म्हणाली, "तुमच्या खोऱ्यातून? बाई गं, ते तर उलट्या दिशेला! तिकडून गेला तर क्लिनिकला संध्याकाळच होईल. पलीकडून सरळ रस्ता आहे ना."

मी म्हटलं, तुझी काहीतरी चूक होतेय. ती म्हणाली, जन्म गेला माझा तिथं.

घरी येऊन ड्यूईचा नकाशा काढून बघितला. बेर्था बरोबर आहे.

२२ मार्च, गुरुवार

ब्रेड केला. कोंबड्यांना घातला.

२४ मार्च, शनिवार

लॉनीच्या दुकानात गेले. मला बघून त्यानं आधी टोपीच काढली.

"डोक्यावरच राहू दे ती," मी म्हटलं. "बंदूक हवीय मला. जुनी, लष्करी."

"तुम्हाला? आत्ताच तर ट्रकभर दिल्यात!"

"त्या ड्यूईच्या होत्या."

कोपऱ्यात लाकडी पेटी होती. रशियाच्या, सगळ्या एकसारख्या, बोटभर ग्रीसमध्ये बुडवून कागदात गुंडाळलेल्या, कुणीतरी पुरून ठेवल्यासारख्या. मी त्यातली एक दाखवली.

"ही नको, बाई," तो म्हणाला. "ही ह्या डोंगरात घरोघरी आहे. लोक तंबूला खांब म्हणून लावतात. होबर्टला दाखवायला नेत असाल तर त्याच्याकडं अशा पाच-सहा असतील. ही बघायला तो रस्तासुद्धा ओलांडायचा नाही."

"हीच दे."

माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं फॉर्म काढले. कागदपत्रं झाली. मी निघताना म्हणाला, "व्हेल्डाबाई, ग्रीस काढायला रॉकेल वापरतात, पण..."

"मी काढणार नाहीये," मी म्हटलं.

घरी आणून जेवणाच्या टेबलावर ठेवली. वॉर्निशवर ग्रीसचा डाग पडला, पडू दे. मग होबर्टला फोन लावला. उचलला नाही. ते यंत्र बोललं, निरोप ठेवा म्हणून. मला यंत्राशी बोलता येत नाही. पहिल्यांदा ठेवून दिला. पुन्हा लावला.

म्हटलं, "मी व्हेल्डा क्राउस. एक बंदूक आलीय. रशियाची, पेटीतली. तुमच्याकडं अशा आहेत ते मला माहीत आहे. क्लिनिकला कुठून जातात तेही माहीत आहे. गुरुवारी येऊन बघून जा. मी हात लावलेला नाही."

टेबलावर ती आहे, म्हणून आज उभ्यानंच जेवले.